लागलं!

सोमवार, ४ मार्च

अखेर नोकरी लागली, आणि तीही कसली, तर माणसं एकमेकांवर आपटायची! आमची कंपनी बेसबॉलचा व्हिडिओ गेम बनवते. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, हे मी मुलाखतीतच सांगून टाकलं होतं. साहेब म्हणाले, खेळ कळायची गरज नाही, माणूस पडतो कसा ते कळलं पाहिजे. म्हटलं, घरात एक धडपड्या भाऊ आहे, त्या विषयात माझी डॉक्टरेट झालीय. साहेब खो खो हसले. माणूस दिलदार वाटला.

जागा खिडकीजवळची मिळालीय. समोर गाड्या धुण्याचं दुकान. चहाचं यंत्र फुकट, फक्त त्याच नळीतून सूपही येतं, त्यामुळे चहाला टोमॅटोचा वास.

काम असं आहे. मैदानात एक पांढरी पाटी जमिनीत बसवलेली असते. धावणारा तिच्यापाशी पोचला की गुण मिळतो. मुखवटा घातलेला कॅचर तिथेच उकिडवा बसून वाट अडवतो, आणि मग दोघांची टक्कर. गेल्या वर्षीच्या गेममध्ये धावणारा कॅचरच्या आरपार निघून जायचा, नाहीतर दोघं उशांसारखे उडायचे. गिऱ्हाइकांनी शिव्यांची लाखोली वाहिली. खऱ्या खेळात असं मुद्दाम धडकायला आता मनाई आहे म्हणे. गिऱ्हाइकांना मात्र नेमकं तेच हवंय. यंदा धडका खऱ्या दिसल्या पाहिजेत, आणि त्या दिसतील हे बघणं माझ्याकडे.

गुरुवार, ७ मार्च

धाकट्यालाही चिकटवला! जिम्नॅस्टिक्स सोडल्यापासून घरी माशा मारत होता. आता पडायचा पगार घेणार. आई फोनवर म्हणाली, जन्मभर जे फुकट केलं त्याचे पैसे मिळतायत, नशीब काढलं पोराने.

त्याला काळा घट्ट पोशाख देतात. प्रत्येक सांध्यावर पांढरा ठिपका. कॅमेरे ते ठिपके टिपतात आणि कॉम्प्युटरमधला सांगाडा त्याच्यासारखाच हलतो. ठिपके सांगाड्याच्या सांध्यांवर बरोबर बसले की यंत्रावरचा माणूस, ज्याला सगळे ठिपकेवाला म्हणतात, तो खच्चून ओरडतो, “लागलं!” मग दोरीला टांगलेली वाळूची गोणी अंगावर सोडतात आणि आमचे चिरंजीव गादीवर धाडकन. दिवसभर लागलं आणि धाडकन. हसून हसून पोट दुखलं.

मंगळवार, १२ मार्च

साहेबांची किळस यायला लागलीय. जेवणाच्या सुट्टीत मोठ्या पडद्यावर खेळाडूंचे अपघात लावतात. नडगी वाकते तो क्षण मागेपुढे करत, सावकाश, घास चावत बघतात. आज बोटावरचा रस्सा चाटून मला म्हणाले, नीट बघा, गुडघ्याच्या आधी चेहरा मोडतो. मी डबा बंद केला. बाकीचे खाली मान घालून जेवत होते.

गिऱ्हाइकांचे अभिप्रायही तेव्हाच वाचून दाखवले. एकाचं म्हणणं, रक्त नको, घरात लहान मुलं आहेत. फक्त हाड मोडल्याचं कळलं पाहिजे. वा रे संस्कार!

शेवटी साहेबांनी गादी काढायचं ठरवलं. गादीवर पडणारा माणूस गादीवर पडल्यासारखाच दिसतो म्हणे. धाकटा चालेल म्हणाला. मी डोळे वटारले, तर चारचौघांत मला म्हणतो, ताई, तू गप्प बस.

शुक्रवार, १५ मार्च

आज गादीशिवाय पहिली धडक. गोणी अंगावर आली, तो मनगटावर पडला आणि कळवळून ओरडला, “लागलं!”

ठिपकेवाल्याची नजर पडद्यावर. त्याने तिकडून ओरडून उत्तर दिलं, लागलं, लागलं, झकास लागलं! आणि गोणी पुन्हा सोडायला लावली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी धावले तोवर हाताचा पंजा भलतीकडेच बघत होता.

डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. साहेबांना चित्रणाचा तोच तुकडा आजवरचा सर्वांत सुंदर वाटला. त्याचं हुंदके देणंसुद्धा आवाजासाठी वेगळं काढून ठेवलंय. शिसारी आली मला. धाकटा पुन्हा तिथे पाऊल टाकणार नाही. मी जाणार, तो तुकडा पुसण्यापुरती. मग राजीनामा तोंडावर फेकणार.

सोमवार, १८ मार्च

तुकडा पुसला जात नाही. तो अधिकार फक्त साहेबांना. खटपट करताना माझ्या हातून सांगाड्याचा डावा घोटा जरासा मुरगळला.

थोड्याच वेळात धाकट्याचा फोन. पलंगावर बसल्याबसल्या घोटा फिरला. उठलासुद्धा नव्हता. तोच, डावा.

मी घाईघाईने सांगाड्याचा घोटा सरळ केला. तो फोनवरच किंचाळला, मग म्हणाला, बसला जागेवर. नंतर ओकला.

योगायोग असेल. असलाच पाहिजे.

मंगळवार, १९ मार्च

करंगळी. सांगाड्याची, खात्री करायला, अगदी केसभर हलवली. लगेच फोन आला.

आता कळतंय. धाकट्याने लागलं म्हटलं, ठिपकेवाल्यानेही लागलं म्हटलं, एकापाठोपाठ एक. भूत लागतं तसा तो सांगाडा माझ्या भावाला लागलाय.

साहेबांना सगळं सांगितलं, हात जोडले, पुसा म्हटलं. वाटलं, वेड्यात काढतील. काढलं नाही. पुढे सरकून बसले आणि विचारलं, त्याला व्हिडिओ कॉलवर घेता येईल का? तोंडाला पाणी सुटलं होतं हो त्यांच्या. खरोखरचं पाणी, ओठाच्या कोपऱ्यात. थू!

बुधवार, २० मार्च

साहेबांनी गुडघा स्वतः वाकवला. उलटा. सगळे जेवत होते –

फोन आईने उचलला. मागे त्याचं ओरडणं. ठिपकेवाल्याला ते ऐकू येत होतं. पडद्याकडे बघत म्हणाला, आत्ता कुठे खरं वाटतंय.

 मी गुडघा सरळ केला. साहेबांनी पुन्हा वाकवला. सरळ केला. पुन्हा –

मी पोलिसांना सांगितलं. गेममधला गुडघा म्हटल्यावर हसले.

गुरुवार, २१ मार्च. दुपार

जाहिरातीसाठी मोठी धडक. धावणाऱ्याचा खांदा थेट कॅचरच्या मानेत. कॅचर म्हणजे तोच सांगाडा. साहेबांनी चालू केली, मी झडप घालून माऊस धरला. बटण दाबून ठेवलं की चित्र थांबतं. सोडलं की पुढे जातं.

मान अर्धी मागे गेलीय. उजव्या हाताचं बोट बटणावर. डाव्या हाताने लिहितेय, कुणाला तरी कळावं म्हणून.

आई फोनवर आहे. म्हणते, तो छताकडे बघतोय, मान खाली घेत नाही. हाका मारते तर नुसते डोळे फिरवतो. जिवंत आहे. धाकटा जिवंत आहे.

वायर काढा म्हणून ठिपकेवाल्याच्या पाया पडले. तो म्हणाला, बंद होताना यंत्र अर्धी हालचाल आधी पूर्ण करतं.

हात बधिर –

साहेब आलेत. ताट घेऊनच. शेजारी बसले. मायेने म्हणाले, दमलात, मी धरतो बटण. नको म्हटलं. हसले.

तेलकट, ओलसर हात माझ्या हातावर. एकेक बोट सोडवतायत. आधी करंगळी. तिच्याजवळचं. मधलं – आई विचारतेय, काय झालं गं, बोल ना – मी जोर लावतेय, पण तेलाने सगळं निसर