नऊ कार्डं

७ एप्रिल, मंगळवार

आली एकदाची! पाच महिन्यांनी गोवराची लस आली. चाळीस डोस, आणि नदीतल्या आमच्या चरावर, या वाळूच्या बेटावर, पोरं शंभराच्या वर. होडीतून पेटी उतरवताना होडीवाला मोफिज चाचा म्हणाला, "आपा, एवढ्याशात काय होणार? बोटाने चाटवणार का?"

पलीकडच्या चरावर गोवराने दोन पोरं गेलीत. आरोग्य ऑफिसातून मतिन साहेबांचा फोन – कार्डावर गोवराचा रकाना कोरा असेल त्यांनाच टोचा, बाकीचे परत पाठवा.

गावच्या मातबरांच्या अंगणात दुपारपर्यंत नुसती रडारड. शेफाली आली सोहागला घेऊन. चौदा महिन्यांचा गुटगुटीत पोरगा. कार्ड पाहिलं – रकाना भरलेला, माझीच सही. "तुझं झालंय गं, दुसऱ्यांना येऊ दे." ती काहीतरी बोलत होती, पण मागच्या बायकांनी पुढे रेटलं. गेली.

८ एप्रिल

कालपासून काहीतरी खुपतंय. काय ते कळत नाही. भात दोनदा करपला.

९ एप्रिल

कळलं.

सोहागच्या कार्डावरची तारीख ११ नोव्हेंबर. जुनं रजिस्टर काढलं. ११ नोव्हेंबर, माझ्याच अक्षरात – "गोवर लस आली नाही."

मग सही कसली केली मी?

कार्डं आदल्या दिवशीच मातबरांकडे गोळा होतात. मी संध्याकाळी बसून तारखा घालते, सह्या करते. सकाळी चाळीस बायका, चाळीस पोरं – तेव्हा सुई धरू की पेन? एकोणीस वर्षं असंच चाललंय. पेटी येतेच, हे गृहीत. त्या दिवशी पेटी आली, पण गोवराची लस सोडून. बायकांना घाईत नुसतं म्हटलं पुढच्या महिन्यात या, आणि कार्डं वाटून टाकली. खोडायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय? विसरले!

अशी नऊ कार्डं आहेत. नऊही पोरांना मी परवा परत पाठवलं.

१० एप्रिल, शुक्रवार

घरात बसवत नाही. तीनदा अंगण झाडलं.

१२ एप्रिल

मतिन साहेबांना आडून विचारलं, "सर, एखाद्या कार्डावर चूक असली तर?" म्हणाले, "कार्डावर आहे म्हणजे दिलंय. आता नवीन घोळ नको, मोमेना." फोन ठेवला. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटली.

१६ एप्रिल

लस पुन्हा आली. एक कुपी वेगळी ठेवली, दहा डोसांची. फोडली की सहा तासांत संपवायची. नऊ घरं, सगळी वाळू तुडवत! बायकांना सांगितलं, जादा डोस आलाय. त्या नऊंतल्या नासिमाची सासू काय सोडते? "एका कार्डावर दोनदा? पोरांची चाळणी करायला सांगितलंय का सरकारने?" सगळे हसले, मीही हसले.

आठ झाले. शेफालीच्या दाराला कडी. सासू म्हणाली, "ती आठवडा झाला पलीकडच्या चरावर, माहेरी. बहिणीच्या तिन्ही पोरांना गोवर उठलाय, करायला कोणी नाही. हिला कसली भीती, हिच्या पोराला तुम्ही टोचलंय ना!"

वादळ सुटलेलं, होडी कोणी काढेना. फोन लावला. "नाक वाहतंय जरा, पण खेळतोय, आपा." कारण सांगायला तोंड उघडलं आणि "कार्ड घेऊन लगेच ये" एवढंच निघालं. उरलेली लस फेकून दिली.

१९ एप्रिल

आली नाही. सोहागला ताप आहे म्हणे.

२० एप्रिल

तिच्या आईने फोन घेतला. "ताप उतरल्यावर पाठवते." मी पुन्हा काही सांगितलं नाही. भित्री, भित्री, भित्री!

२३ एप्रिल

आज शेफालीच्या माहेरी गेले. सोहागच्या अंगभर उठलंय. दाराला कडुलिंबाचा डहाळा, मासे बंद, नुसता मीठभात. आजी सोहागला बाहेर काढू देईना – "सगळं उठून जाऊ दे, वारा लागला की आत दबतं." तो कुत्र्यासारखा धापा टाकत होता. आजीशी भांडून त्याला उचलला, होडीत घातला.

इस्पितळात तरुण डॉक्टरने कार्ड पाहिलं. "लस झालीय? मग गोवर नसावा." शेफाली शेजारीच उभी होती. मी म्हटलं, "नाही झालेली. सही माझी आहे. लस दिलीच नव्हती." शेफालीने मान वर केली नाही.

बोलले एकदाची. मतिन साहेबांनाही लिहून दिलं. नोकरी जाईल तर जाऊ दे. सोहाग बरा झाला की शेफालीला समोर बसवून सगळं नीट समजावीन. तिला बिचारीला लिहिता-वाचता येत नाही, माझ्या सहीवर विसंबून राहिली.

२९ एप्रिल

सोहाग काल गेला.

आज शेफाली कार्ड परत द्यायला आली होती. उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, "थंडीत तुम्ही कार्ड दिलंत त्या दिवशी तो रडलाच नव्हता, आपा. टोचलं असतं तर रडला असता. त्या मंगळवारी मी तेच सांगत होते. तुम्ही म्हणालात, झालंय."