कुसुमच्या अक्षरातली बाटली

गुरुवार, दिवेलागणीला. छावणीतलं घर.

लेकीचा फोन आला होता. "बाबा, शुगर एवढी कशी वाढली? इन्सुलिनची बाटली कधी उघडली?" म्हटलं, परवाच. साफ खोटं.

बाटलीवर चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर कुसुमच्या अक्षरात तारीख. बाटली उघडली की ती पहिलं तेच करायची. महिना झाला की उरलेलं औषध सरळ टाकून द्यायची. मी कुरकुरायचो, चांगलं औषध वाया घालवतेस म्हणून. ही बाटली तिनं उघडली आणि त्याच आठवड्यात ती गेली. महिना कधीच उलटला. औषधात आता दम नाय, हे कळतंय मला. वर ते संपू नये म्हणून थोडं कमीच टोचतो. येडेपणा आहे, दुसरं काय? पण तिच्या हातची तेवढीच तारीख राहिलीय घरात. ती कशी टाकू?

"आई नाय आता, तुम्ही तरी जपा," लेक म्हणाली. म्हणून शेवटी नवी बाटली उघडली. पट्टी चिकटवली, पेन घेतलं आणि सवयीनं स्वयंपाकघराकडं हाक मारली, "अगं, आज किती तारीख?"

पट्टी अजून कोरीच आहे.