अर्ध्या बाह्यांचा शर्ट

मंगळवार, सप्टेंबर. कोर्टातून आल्यावर.

चिडू तरी कोणावर? दोन मिनिटंही बोलू दिलं नाही. जज म्हणाले, "थेट सुप्रीम कोर्टात का आलात? आधी हायकोर्टात जा." याचिका मागे घ्यावी लागली. त्यांचं बिलकूल बरोबर होतं, मलाही ठाऊक होतं. तरी वाटलं, माझ्या अशिलावर, सुनीलवर, खटलासुद्धा नाही, नुसत्या कलेक्टरच्या आदेशावर आत ठेवलंय, हे ऐकून तरी थांबतील. नागपूरला नंबर कधी लागला असता? की हे मी आता स्वतःला समजावतेय?

त्याची आई, कुसुममावशी, अमरावतीहून येऊन इथे दिल्लीत माझ्याकडेच उतरल्यात. परवा सरोजिनी मार्केटमधून त्यांनी शर्ट आणला, सुनील सुटला की घालायला. निळा, अर्ध्या बाह्यांचा. "छान आहे," म्हणाले मी. कशाला म्हणाले? आज तो पिशवीत घालून कोर्टातही आणला होता.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे हरलो का गं आपण?"

"नाही मावशी, त्यांनी काही ठरवलंच नाही. आता नागपूरला जायचं. तिथे नाही म्हणाले, तरच परत इथे."

"वाचलं तरी का त्यांनी?"

मी ऑटोला हात केला.

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता त्या पिशवी उचलून परत निघाल्या. शर्ट बदलायचा म्हणे.

"मापाचा नाही का?"

"मापाचाच आहे गं. त्याच्याऐवजी दुकानदार स्वेटर देतो का, विचारते."