प्रश्नाआधी आलेलं उत्तर

मंगळवार, संध्याकाळ

पर्यवेक्षिका झाल्यावर आज पहिल्यांदा दुसऱ्याच्या तासाला मूल्यमापन करायला बसले. कळंबोलीच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, मागच्या बाकावर बसा आणि शिक्षकाकडे नाही, मुलांकडे बघा. तेच केलं आणि तेच नडलं.

सुलभा चौथीला भागाकार शिकवत होती. तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच अख्खा वर्ग उत्तर देत होता. प्रत्येक वेळी. शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, तर म्हणाली, "बाई, ह्ये काल झालं. आज परत तसंच बोलायचं हाय."

बाहेर आल्यावर सुलभाने माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता. "ताई, बरा झाला ना तास? आता नोकरी कायम होईल ना माझी?" मी नुसती हसले. का हसले?

हे गेले तेव्हा महिनाभर माझाही वर्ग हिनेच सांभाळला. अहवालात खोटं लिहिलं तर मुलांना भागाकार येणार नाही. खरं लिहिलं तर... अडलं की मी पुस्तकात शोधते. प्रशिक्षणाचं पुस्तक पुन्हा वाचलं, त्यात हे नाही. ह्यांना विचारलं असतं.

प्रश्नाआधी उत्तर! माझ्या धाकाने तिने ते मुलांकडून घोकून घेतलं. माझ्या?

उद्या लिहिण्याआधी तिला सांगेन, नवीन गणित घे, मुलं चुकली तरी चालेल, मी पुन्हा येते. ती ऐकेल, की हात सोडवून घेईल? आत्ता गार पडलाय तो माझा हात.