दोनदा खोकणारा राजा

११ जानेवारी २०२५, शनिवार

एकच स्टार! का, तर 'पुस्तक कोपऱ्यात दुमडलेलं आलं.' अरे बाबा, मग कुरिअरवाल्याला घाल ना शिव्या! माझ्या कादंबरीनं तुझं काय घोडं मारलंय?

बाकीचे खूश आहेत. सांगलीची एक मुलगी लिहिते – 'मॅडम, पंखवाले लांडगे अजून हवे होते.' एकाला धूम्रगडचा नकाशा हवाय. आणि राजावर तर सगळेच तुटून पडलेत. आजारी मुलगा वाचावा म्हणून पोटच्या पोरीला डोंगरातल्या देवाला देऊन टाकतो ना तो! 'असला बाप समोर आला तर थोबाड फोडीन' – हा मेसेज मी पुन्हापुन्हा वाचला. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

१४ जानेवारी

पप्पांनी पुस्तक वाचायला घेतलंय. व्हरांड्यात, उन्हात, ओळीवर बोट ठेवून. निवृत्त झाले तरी मास्तरकी जात नाही. मी राहुरीहून शाळा आटपून येते तेव्हा बरीच पानं पुढे गेलेली असतात. बोलत मात्र काही नाहीत.

जोएलला मेंदूज्वर झाला तेव्हा मी तिसरीत होते. भाऊ वाचला. दहावीनंतर पप्पांनी मला समोर बसवलं – 'सिल्व्हिया, तो वाचला तर तुला देवाला देईन, असा नवस मी बोललो होतो. शब्द दिलाय.' आणि मला मठात सिस्टर व्हायला पाठवलं. आठ वर्षं काढली तिथे. मग रडूनभेकून परत आले. कॉलेज, मैत्रिणी, लग्नाचं वय, सगळं त्यात गेलं. घरात त्यावर आजतागायत कुणी चकार शब्द काढलेला नाही.

म्हणून लिहिला राजा.

१७ जानेवारी

वाचून झालं त्यांचं. जेवताना म्हणाले, 'भाषा चांगली आहे. राजा जमलाय.' आणि ताक मागितलं.

बस्स! मला वाटलं होतं, चिडतील, ताट सारतील. एवढा राग मी कागदावर ओतला आणि ह्यांना त्यात भाषा दिसली! भांडायचं तरी होतं माझ्याशी.

१९ जानेवारी, रविवार

शेजारच्या छबूबाईंनी नातीकडून पुस्तक वाचून घेतलं. आज कुंपणावरूनच ओरडल्या – 'अगं सिल्व्हिया, त्यो राजा म्हंजी आपलं योहान मास्तरच की गं! दोनदा खोकल्याबिगर तोंडच उघडत न्हाई. लई हसलो आमी!'

पप्पा आत होते. ऐकलं असणारच. आई पोळ्या लाटत होती, तिनं मान वर केली नाही.

हो, खोकणं मी मुद्दाम घातलं. बोलण्याआधी मांडीवर थाप मारणंसुद्धा. कुणी ओळखणार नाही असं वाटलं होतं? की ओळखावं असंच वाटत होतं?

२३ जानेवारी

प्रकाशकाचा फोन. दुसरा भाग लवकर द्या, वाचकांना राजा मेलेला बघायचाय.

२ फेब्रुवारी, रविवार

मिस्सेच्या प्रार्थनेत पप्पा नेहमीसारखे पेटीवर बसले. गीत सुरू करण्याआधी दोनदा खोकले. मागून कुणीतरी म्हणालं – 'महाराजांचा विजय असो!' पोरं फिस्सकन हसली. मोठी माणसंही हसली! चर्चमध्ये!

पप्पांनी पेटी मिटली. गीत तसंच झालं, बेसूर. मी त्यांच्या मागच्याच बाकावर होते. मानेवरच्या शिरा दिसत होत्या त्यांच्या. उठून जवळ जावं एवढंही माझ्याच्यानं झालं नाही.

३ फेब्रुवारी

खोकला आला की पप्पा आता तोंडावर टॉवेल दाबतात. घरातसुद्धा.

१२ फेब्रुवारी

पूजा मॅडमनी स्टाफरूममध्ये मिठीच मारली. 'तुझे वडील खरंच असे आहेत? काय सोसलंस गं!' इतकी वर्षं हेच कुणीतरी म्हणावं म्हणून झुरले. आज ती मिठी नकोशी झाली. 'तसे नाहीत ते,' मी म्हणाले. 'मग कसे आहेत?' मला एक वाक्य सांगता येईना. अख्खी कादंबरी लिहिली आणि माणूस कसा आहे ते सांगता येईना!

१६ फेब्रुवारी, रविवार

जोएल पुण्याहून गाडी घेऊन आला. 'पप्पांना नेतो. इथे त्यांना बाहेर पडायची चोरी झालीये.' माझ्याकडे बघितलंही नाही त्यानं.

मी दारात जाऊन उभी राहिले. 'पप्पा, गोष्ट आहे हो ती. खोटी असते.' 'चांगली आहे गोष्ट,' म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत बसले. पेटी इथेच राहिली. आई म्हणाली, मी नंतर जाईन.

पुस्तक परत घेता येत नाही. एकेका घरात जाऊन किती जणांच्या हातातून काढणार? आज पुन्हा कुणीतरी लिहिलंय – 'राजाला तडफडून मारा.'

२३ फेब्रुवारी

पुण्याला फोन लावला. 'पप्पा झोपलेत,' जोएल म्हणाला. सकाळी अकरा वाजता!

५ मार्च, राखेचा बुधवार

आई चर्चमधून आली ती कपाळावरच्या राखेसकट माझ्यासमोर बसली. 'ते काय आता परत येत न्हाईत, म्हनून सांगते. नवस त्यांचा नव्हता. मी बोलले हुते. ते तर लई भांडले माझ्याशी. मग म्हनले, पोरीनं आईवर राग धरू नये, माझं नाव सांगू.'

मी विचारलं, मग पुस्तक आल्यावर तरी का गप्प बसलीस?

'मी निघालेच हुते सांगायला. ह्यांनी हात धरला. म्हनले, पोरगी पैल्यांदा मनासारखं कायतरी करतीय, लोक वाचत्यात. गप ऱ्हा.'