दोनशे ऐंशीवा दिवस

शहादे, ३० नोव्हेंबर १९३७
वकिलांनी सांगितले म्हणून ही वही. शाळेतली नोकरी सोडल्यापासून मी घरात पेन धरले नव्हते. भावाची मुलगी इंदू, वय वीस, माझ्याकडे बाळंतपणाला आली आहे. तिचा नवरा माधव ४ मार्चला म्हसावदला शेतात साप चावून गेला. नवरा गेल्यापासून दोनशे ऐंशी दिवसांत मूल झाले तर कायदा ते त्याचेच धरतो. पुढे झाले तर आपण सिद्ध करायचे. शेवटचा दिवस ९ डिसेंबर, गुरुवार. इंदूचे थोरले दीर गावभर सांगतात, दहा तारखेचे पोर आमचे नव्हे. तेव्हा रोजची हकीकत वेळेसह लिहावी, कोर्टात लागेल.
आज: पोट वर. पायांना सूज. कळा नाहीत.

२ डिसें.
म्हसावदहून सीतामावशी आल्या. माधवच्या आईची बहीण. म्हणे मदतीला. गाठोडे सोडायच्या आत हात इंदूच्या पोटावर. खाट दाराशीच मागितली. "पोर कव्हय व्हस ते मन्हा डोयासमोर व्हवाले पाहिजे." पहारा आहे. असो, जेवायला वाढले.
सुईण ठगूबाई संध्याकाळी येऊन तपासून गेली. "डोकं खाले उतरनं नही. आठ दिन तरी."
म्हटले, आठ नाहीत आपल्याकडे.
"बाई, पोर तुन्हा वकीलले इचारीसन येत नही."

४ डिसें.
सकाळी इंदूकडून एक पायली दळण. मग अंगण सारवणे. मग माडीचा जिना, दहा वेळा वर-खाली. सातव्या वेळी बसली. "आत्या, वर्गात बाकावर उभं करायचात तसं करताय." होय, तसेच. रडली. रडून डोके खाली उतरत नाही, असे सांगितले.

६ डिसें.
दुपारी कळा. घड्याळ घेऊन बसले. पाठीतून नाहीत, नुसत्या पोटात. कधी पाच मि., कधी पंचवीस. कूस बदलली की जातात. खोट्या. तीन तासांनी थांबल्या. मावशींनी चहा मागितला.
कळा याव्यात म्हणून एरंडेल दिले. पाव वाटी, गरम दुधातून. ठगूबाई भडकली. "पोरगी मरी जाई ना, बाई!" मी जबाबदार, म्हटले.

७ डिसें.
जुलाब, उलटी. ओठ पांढरे. कळ एकही नाही. बाळ हलते का, विचारले.
"हलतं. त्याला कुठं माहीत तुम्ही घड्याळ लावून बसलाय ते."

९ डिसें., गुरुवार
सकाळी चिकट स्राव, रक्ताची रेघ. ठगूबाई म्हणाली, आते खरं. दहा वाजता पाठीतून कळा, वीस मिनिटांनी. तीनला दहा मिनिटांनी. सहाला पाणी गेले. मग कळा मंदावल्या. ठगूबाई म्हणाली, थांबू. मी म्हटले, वरून दाब. तिने माझ्याकडे पाहिले. पुन्हा म्हटले. दाबले. इंदू जशी ओरडली तसे मी कधी
हे मी सांगितल्यामुळे झाले. ठगूबाईचा दोष नाही.
बारा वाजले. मूल नाही.

१० डिसें.
मुलगा. पहाटे चार वाजून वीस मि. रक्त फार गेले. इंदू जिवंत आहे. माझ्याकडे पाठ करून निजली आहे.
मावशी अंगणात गेल्या, उगवतीकडे पाहिले, आत आल्या. "दिन उगना नही. गुरुवारच शे अजून. पोर आमनंच शे!" आणि पहिल्यांदा रडल्या. त्यांचा वार उगवतीला बदलतो. मध्यरात्रीचे मोजमाप त्यांना ठाऊकच नाही. लबाडी नाही.
मी सांगायला तोंड उघडले. तीस वर्षांत हजेरीपटावर खाडाखोड केली नाही. तोंड मिटले.
म्हसावदला चिठ्ठी. मजकूर मावशींचा, अंगठा मावशींचा, अक्षर माझे. त्या "गुरुवार" म्हणाल्या, मी "गुरुवार" लिहिले. तारीख घातली नाही.

१४ डिसें.
दिरांचे उत्तर आले. मावशीच्या शब्दावर त्यांचा विश्वास आहे. मूल आमचे, मान्य. वकील खूश. "समोरच्याचाच साक्षीदार! आता तुमची वही नको." इंदूला सांगितले. बाळाला पाजत होती. "बरं," इतकेच.

२१ डिसें.
दीर आले. छकडा, बरोबर चार माणसे. मुलाला न्यायला.
"आणि इंदू?"
"तिला कशाला? माझी बायको अंगावर पाजते आहे, तीच पाजील. ही पांढऱ्या पायाची, तुमच्याकडेच राहू द्या."
माधवचा वाटा आता मुलाचा, मूल यांच्या घरी, म्हणजे कारभार यांचा. मी दिवस मोजत राहिले, हे मोजले नाही. वकिलांकडे गेले. ते म्हणतात, आईचा हक्क आहे, दावा लावा, एक-दोन वर्षे जातील. तोवर मूल ज्याच्या घरात त्याचे.
उद्या सकाळपर्यंत मुदत दिली आहे. माणसे ओसरीवर झोपणार.
इंदू अकरा दिवसांनी माझ्याशी आपणहून बोलली. "आत्या, खरी वेळ वहीत आहे?"
"आहे."
"ती दाखवली तर त्याला इथंच टाकून जातील."
"जातील. आणि तुला गावोगाव काय म्हणतील ते ठाऊक आहे ना? त्याला बापाचं नाव राहणार नाही."
"बाप तसाही नाही."
दिवा आणायला गेले.

२२ डिसें., सकाळी ८
इंदूने पाजून घेतले. मग दिले ते असे.
थोरल्या दिरांस, सीतामावशींच्या मांडीवर: मुलगा एक, गुरुवार धरून तेरा दिवसांचा. दुपटी दोन. टोपडे. बाळगुटीची पुरचुंडी, सहाण.
इंदूस: ही वही, १० डिसेंबरच्या पानाशी उघडून.
छकडा अजून जुंपलेला नाही.