मुकादमाचा डावा हात

२ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो एकदाचा. खोली तिसऱ्या मजल्यावर मिळाली आहे. जिना अरुंद आणि उभा, लिफ्टचं नाव नाही. खोली एवढीशी, की टेबलाशी बसल्याबसल्या डावा हात लांब केला की दार उघडतं, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की थेट जिन्याची वरची पायरी. कोण वर येतंय ते बसल्या जागी दिसतं. राजेशाही थाट म्हणायचा.

आज कामावर हजर झालो. काम काय, तर व्हिडिओ गेम खेळायचा! सातवीत शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणाले होते, की या कार्ट्याची बोटं आयुष्यभर नको तिथेच चालणार. त्याच बोटांवर छड्या खाल्ल्या, त्याच बोटांना आता पगार. गेम अजून तयार व्हायचा आहे. दोघं समोरासमोर येतात आणि एकमेकांना बुकलतात, एवढीच गोष्ट. शेवटी जो खलनायक येतो, त्याला सगळे मुकादम म्हणतात. मी फक्त तोच खेळायचा. मी कसा खेळतो ते यंत्र बघत राहणार, आणि नंतर मुकादम माझ्यासारखाच आपला आपण लढणार.

ज्या बाईंनी मुकादम घडवला, त्यांना मॅडम म्हटलेलं खपत नाही. ताई म्हण म्हणाल्या. त्यांनी एक वही दिली. मुकादम जे करतो ते का करतो, ते रोज लिहायचं. मी हसलो, म्हटलं ताई, निबंधात मला कायम भोपळा. त्या म्हणाल्या, मग भोपळाच लिही, पण खरा लिही. मी स्वतःसाठी अजून एक वही मागून घेतली. ती ही.

३ नोव्हेंबर

मुकादम दिसायला असा: धिप्पाड, खांद्यात वाकलेला, पायघोळ कोट, तळहात फावड्याएवढे. कधीकाळी बंदरावर माणसं राबवायचा. त्याचा एक खास डाव आहे. समोरचा पडला की हा डावा हात पुढे करतो. पडलेला तो हात धरून उठायला लागला, की उजव्याने ठोसा.

शेजारच्या खुर्चीवर लंबू बसतो. तो नायक खेळतो, म्हणजे दिवसभर माझा मार खातो. आज सतरा वेळा आडवा झाला. म्हणाला, हा मुकादम आहे का माझा सासरा, हात देतो आणि खड्ड्यात घालतो. मी म्हटलं, तुला कोण मुलगी देणार आहे. तो म्हणाला, म्हणून तर सासऱ्याचा राग येतो. बरा आहे पोरगा. दुपारी दोघं गच्चीवर जाऊन झोपलो.

६ नोव्हेंबर

माझ्याआधी या खुर्चीवर दुसरा कोणी होता. त्याच्या घरी काहीतरी झालं म्हणून सोडून गेला, असं लंबू म्हणतो.

ताईंची तक्रार अशी, की आजवर सगळ्यांनी मुकादम चिडका खेळला, आणि चिडका मुकादम खोटा वाटतो. मी तीन दिवस विचार केला. खेळताना मला काही चीड येत नव्हती. कंटाळा येत होता. लंबूचा माणूस पडतो, उठतो. पडतो, उठतो. शेवटी वहीत लिहिलं: मुकादमाला राग नाही. तो दमलाय. सकाळपासून माणसं पडतात आणि परत उठून अंगावर येतात. त्यांनी एकदाचं पडून राहावं, एवढंच त्याला हवंय. म्हणजे त्यालाही बसता येईल.

ताईंनी दोनदा वाचलं. चष्मा काढून विचारलं, हे तुला कुठून सुचलं. म्हटलं, सुचलं असंच.

१० नोव्हेंबर

दादाचा फोन. बावीस तारखेला, रविवारी येतोय. मी कुठे राहतो ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहिनी त्याला जेवू देत नाही म्हणे. तिकीट काढलंय. माझा जुना स्वेटर आणतोय, जणू मी अजून त्यात मावतो.

आई-बाबा गेल्यावर दादानेच मला वाढवलं. मी नोकऱ्या धरायचो, सोडायचो. तो दर वेळी नवी शोधून आणायचा. कधी हात उगारला नाही. गेल्या वर्षी आमच्या गच्चीच्या जिन्यावर त्याचा पाय सरकला आणि उजवा गुडघा गेला. तेव्हापासून लंगडतो. म्हटलं, दादा, तीन मजले आहेत, लिफ्ट नाही. तर म्हणाला, घुम्या, तू वर बसून हाका मार, मी येतो सावकाश.

घुम्या म्हणजे मी. लहानपणी कमी बोलायचो म्हणून.

१२ नोव्हेंबर

आज एक झालं.

लंबूचा माणूस पडला. मी हात पुढे केला, म्हणजे मुकादमाने. लंबूने धरला. मुकादमाने त्याला अर्धवट उठवलं, आणि सोडून दिलं. ठोसा नाही, काही नाही. नुसती बोटं उघडली. तो मागच्या मागे बंदराच्या पायऱ्यांवरून खाली गेला.

मी कुठलंच बटण दाबलेलं नव्हतं.

ताई धावत आल्या. परत परत लावून बघितलं. म्हणाल्या, हे आम्ही घातलेलंच नाही, हे यंत्र तुझ्याकडून शिकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी येऊन पाठ थोपटली.

पण मी असं एकदाही खेळलो नव्हतो. खेळात नाही.

१३ नोव्हेंबर

लिहून टाकतो. कोण वाचणार आहे.

दादाचा पाय नुसता सरकला नव्हता. आमची वादावादी चालली होती. मला घर सोडायचं होतं, तो नको म्हणत होता. पाय सरकला हे खरं, तो दोन पायऱ्या खाली बसला. लागलंही नव्हतं. हसत होता. म्हणाला, हात दे रे. मी दिला. तो निम्मा उठला, आणि उठताउठता परत तेच सुरू, की अजून एक नोकरी बघितलीय, उद्या जाऊन ये. मला राग आला नाही. फार थकल्यासारखं वाटलं. वाटलं, याने जरा वेळ खालीच राहावं.

बोटं उघडली.

दादा सगळ्यांना सांगतो की पाय सरकला. मलासुद्धा तेच सांगतो.

१६ नोव्हेंबर

लंबू वायरीत पाय अडकून पडायला आला. मी हात दिला. डावा. त्याने धरला, आणि—

हनुवटीला दोन टाके पडले. बिचारा हसत होता. म्हणाला, मुकादम, ऑफिसात तरी नको. सगळे हसले. मीपण हसलो.

मी सोडलं नव्हतं. मी घट्ट धरायला गेलो होतो.

१७ नोव्हेंबर

लंबूने खुर्ची पलीकडे नेलीय. मी विचारलं, आधीच्याच्या घरी नेमकं काय झालं होतं. त्याने हनुवटीवरची पट्टी चाचपली. मग म्हणाला, त्याचे वडील मोरीत पडले. डोक्याला लागलं. वाचले नाहीत.

तो कुठे होता विचारलं.

तिथेच होता म्हणे. उठवत होता.

१८ नोव्हेंबर

लंबूचा नायक लंगडायला लागलाय. उजव्या पायाने. लंबू ओरडतोय की यात बिघाड आहे. माणसं आली, बघून गेली. बिघाड सापडत नाही.

मला चाल ओळखता येते. आधी कठड्याला धरतो, मग डावा पाय, मग उजवा ओढून घेतो. प्रत्येक पायरीला.

ताईंना म्हटलं, मला सोडायचंय. त्या गोड बोलल्या. म्हणाल्या, तू दमलास, आता आराम कर. तुझं काम झालंच आहे. त्याला जे हवं होतं ते सगळं आलंय.

‘त्याला’ म्हणाल्या. यंत्राला म्हणायचं असेल.

१९ नोव्हेंबर

सामान आणायला गेलो. खुर्ची रिकामी, पडदा चालू. मुकादम एकटाच उभा होता, खांदे टाकून. समोर कोणी पडलेलं नाही. तरी डावा हात पुढे. बाहेरच्या बाजूला, माझ्याकडे.

खाली बघितलं तर माझाही तसाच होता.

२० नोव्हेंबर

दादाला फोन केला. म्हटलं, येऊ नकोस, मीच येतो. हसला. तू कधीपासून माझी काळजी करायला लागलास, म्हणाला. मी म्हटलं, दादा, त्या दिवशी तुझा नुसता पाय सरकला नव्हता. पलीकडे त्याने दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, मला माहीत आहे, वेड्या. म्हणून तर येतोय. तोंड दाखव एकदा.

रडलो.

मग डाव्या हाताकडे बघितलं. तो काही रडत नव्हता. वाट बघत होता.

२१ नोव्हेंबर

स्टेशनवर जाणार होतो घ्यायला. पण तिथेही जिने. इथे निदान दार आहे.

दादाला सांगितलं, वर आलास की भिंतीला धर. माझा हात मागू नकोस. बरं म्हणाला. लहान पोराला म्हणतात तसं.

२२ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

डावा हात खुर्चीच्या पाठीला टॉवेलने बांधलाय. तीन गाठी, दातांनी ओढून. उजव्याने लिहितोय. लिहीत राहतो. लिहिताना ध्यान राहतं.

दाराला कडी लावलीय.

आला. खालून हाक मारली. घुम्या! मी ओ दिली. म्हटलं, सावकाश ये, भिंतीला धर.

पहिला मजला झाला. थांबलाय, धापा टाकतोय. म्हणतोय, जिना आहे का शिडी.

पाऊल. मग ओढलेलं पाऊल. मी ही चाल किती दिवस ऐकतोय.

दुसरा मजला. परत थांबला. स्वेटर आणलाय, म्हणतोय. तू मावत नसशील तर भाड्याने देऊ का कुणाला.

हसू आलं. खूप दिवसांनी.

थोडंच राहिलं. दादा, भिंत. भिंतीला—

दार उघडं आहे.

कडी मी काढली नाही. टॉवेल खाली पडलाय. नीट घडी करून.

दिसतोय. केस पांढरे झालेत त्याचे. शेवटच्या दोन पायऱ्या. गुडघा धरून बसलाय. हसतोय. विसरला. सांगितलेलं विसरला. हात दे रे म्हणतोय—

उजवा देतो. उजवा. पेन ठेवलं की लगेच—

त्याने धरला.

पेन अजून माझ्या उजव्या हातात आहे.

उठतोय. जड आहे. घट्ट धर, घट्ट, घट्ट. दादा बोलतोय. घरी चल म्हणतोय, एक नोकरी बघितलीय म्हणतोय, उद्याच—

दादा, गप्प बस ना. जरा वेळ. मी फार दम